ग्वाल्हेरचा पहिला उन्हाळा : एसीवर न विसंबता घर गार कसं ठेवायचं?

नवी_लष्करकर

नमस्कार. डिसेंबरात नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही डोंबिवलीहून ग्वाल्हेरला आलो. लष्कर नावाच्या इथल्या जुन्या भागात, जनकगंजाच्या बाजूला एका जुन्या दगडी घराचा वरचा मजला भाड्याने मिळाला आहे. हातभर जाड भिंती, डोक्यावर दगडी पटियांचं, म्हणजे लांब फरशांचं छत, त्यावर आमची एकट्यांची गच्ची. थंडीत या घराच्या मी प्रेमात पडले होते. आता मे उजाडला, पारा ४४ वर गेला आणि काय करावं ते सुचेनासं झालं आहे.

वारा यावा म्हणून दिवसभर सगळ्या खिडक्या उघड्या ठेवते, तर संध्याकाळी भिंतीला हात लावला की चटका बसतो. नवीन कूलर घेतला, पण तासाभरात खोली दमट आणि चिकट होते. माठ आणला, त्यातलं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा जेमतेम गार. मुलगी सहा वर्षांची आहे, दुपारी घरात कोंडली की कंटाळते.

निजायच्या खोलीत एसी आहे, पण भर दुपारी वीज जाते तेव्हा तो काय कामाचा? आणि खरं सांगायचं तर मला एका बंद खोलीत उन्हाळा काढायचाच नाही. माझ्या आजोळी उन्हाळा म्हणजे वर्षातला सगळ्यात आनंदाचा काळ असायचा. इथल्या जुन्या मराठी घरांतून काय करतात ते कुणी सविस्तर सांगाल का?

दौलतगंजची_माई

अगं, सगळ्यात आधी खिडक्या बंद कर. बाकीचं नंतर वाच.

मी इथेच जन्मले, लग्नही इथेच झालं, आता अडुसष्ट वर्षांची आहे. मुंबईकडून आलेली प्रत्येक सून पहिल्या उन्हाळ्यात हेच करते. तुमच्याकडे हवेत ओल असते, म्हणून वारा लागला की घाम वाळतो आणि बरं वाटतं. इथला दुपारचा वारा म्हणजे लू. तो भट्टीच्या तोंडातून येतो. त्याला घरात घ्यायचं तर पाण्यातून गाळून घ्यायचं, नाहीतर दाराबाहेर ठेवायचं. ही एक गोष्ट पक्की कळली की निम्मा उन्हाळा सोपा होतो.

आमचा दिवस साडेचारला सुरू होतो. उठल्याबरोबर सगळी दारं-खिडक्या, जिन्याचं दारसुद्धा, सताड उघडायची. त्या वेळी बाहेर जी गार हवा असते ती भिंतींना पिऊ द्यायची. साडेसात-आठला ऊन तापायला लागलं की एकेक करून सगळं बंद, पूर्वेकडचं आधी. पडदे ओढायचे. जाड दगड सावकाश तापतो, त्यामुळे दोन-तीन वाजेपर्यंत आतली खोली गुहेसारखी राहते. फरशीवर ओलं फडकं फिरवायचं आणि उघड्या फरशीवर आडवं व्हायचं, गादी नको. स्वयंपाक नऊच्या आत आटपायचा. दुपारी गॅस पेटवायचा नाही, चहासाठीसुद्धा नाही.

कूलरचं दुखणं सांगते. तो खिडकीच्या बाहेर बसवला आहेस ना? खोलीत ठेवला असशील तर तो तीच ती ओली हवा घुसळत बसतो. बाहेरची कोरडी हवा त्याने ओढली पाहिजे आणि समोरच्या बाजूला हवा निघून जायला वाट पाहिजे. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेव. ‘खिडक्या बंद कर’ म्हणाले त्याला एवढा एकच अपवाद. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासायची, कारण त्या पाण्यात डास होतात. आणि जूनच्या शेवटी पाऊस आला की कूलर बंद करायचा, तेव्हा तो काहीच देत नाही.

आता माठ. तो तू स्वयंपाकघरात ठेवलास की कूलरच्या खोलीत? दोन्ही जागा चुकीच्या. पाणी माठातून पाझरतं, बाहेरच्या अंगाला सुकतं आणि सुकताना आतली उष्णता घेऊन जातं. हवाच ओली असेल तर ते सुकणार कसं? माझा माठ जिन्याच्या वळणावर असतो, जिथे ऊन मुळीच नाही पण वारा सारखा खेळतो. आम्हाला जी लू नकोशी होते तीच माठाला हवी असते. जितकी कोरडी झळ, तितकं पाणी गार. तिवईवर परातीत वाळू, ती ओली, त्यावर माठ, भोवती ओलं सुती फडकं. नवा माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचा, पहिलं पाणी झाडांना घालायचं. आतून साबण कधी लावायचा नाही, तो मातीत मुरतो. आणि रंगवलेला, चकचकीत माठ घेतला असशील तर तो फुलदाणी म्हणून ठेव, त्याची भोकं रंगाने बुजलेली असतात.

संध्याकाळची गोष्ट मात्र वेगळी. दिवसभर प्यालेलं ऊन पटिया रात्री खाली सोडतात, म्हणून आठ-नऊला आतली खोली बाहेरपेक्षा जास्त तापलेली असते. तेव्हा घर सोडून वर जायचं. साडेसहाला छतावर पहिल्या बादल्या ओतायच्या. दगड चुरचुरतो, तोंडावर गरम वाफ येते, त्या वेळी वर थांबायचं नाही. तासाभराने दुसऱ्यांदा शिंपडायचं. या दुसऱ्या शिंपण्याला जो वास येतो ना, तो मला अत्तरापेक्षा प्रिय आहे. पाणी मात्र पिण्याचं वापरू नकोस. तिघरा धरणात पाणी उतरलं की नळ एक दिवसाआड येतो हे आम्ही कितीदा पाहिलं आहे. कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी, भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी दिवसभर बादलीत साठवायचं.

मग खाटा टाकायच्या. खाली गोधडी, वर धुऊन धुऊन मऊ झालेली चादर, उशाशी सुराही. माझ्या सासूबाई सुराहीत चार मोगऱ्याच्या कळ्या टाकायच्या. मीही टाकते. रात्री दोनच्या पुढे पांघरूण ओढावं लागतं, तुला खोटं वाटेल.

पिण्याचं सांगायचं तर आमच्या घरात दोन पन्ही आहेत. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये इथे पडली, तिचंच पुढे लष्कर झालं. तेव्हा दक्षिणेतून आलेल्या आपल्या माणसांनी उकडलेल्या कैरीचं, गुळाचं, वेलदोड्याचं पन्हं बरोबर आणलं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तेच, आणि सोबत आंब्याची डाळ. पण लूसाठी आम्ही इथला पना करतो. कैरी निखाऱ्यात किंवा गॅसच्या आचेवर साल काळी होईपर्यंत भाजायची, गर काढायचा, त्यात पुदिना, भाजलेलं जिरं, काळं मीठ, नावापुरती साखर. उन्हातून आलेल्या माणसाला आधी बसवायचं, दहा मिनिटांनी हा पना द्यायचा. आल्या आल्या फ्रिजचं पाणी कधीच नाही.

बेलफळ मिळालं तर गर पाण्यात भिजवून हातानेच कुस्करायचा. मिक्सरमध्ये फिरवला की बिया वाटल्या जातात आणि सरबत कडू होतं.

मुलीला कामाला लाव. या उन्हाचा एक मोठा फायदा आहे, साबुदाण्याच्या पापड्या आणि बटाट्याचा कीस एका दिवसात खडखडीत वाळतात. पुण्याच्या माझ्या नणंदेला तीन दिवस लागतात. पहाटे सहाला पापड्या घालायला तिला बरोबर घे, वरून मलमल बांध. पण चारच्या आत सगळं आत आण. पश्चिमेकडे आभाळ पिवळट झालं की आंधी येते आणि एका मिनिटात ताटभर धूळ होते. दुपारी अष्टाचंगे मांडायचे, फरशीवर खडूने घर आखायचं. साडेपाचला तिला घंगाळात बसवायची.

मूळचा_कंपूचा

माईंनी वाळ्याचं राहू दिलं, ते मी सांगतो. मी ग्वाल्हेरच्या कंपू भागात वाढलो, आता बडोद्यात राहतो.

आमच्या बैठकीच्या दाराला बाबा एप्रिलमध्ये खसाची टट्टी, म्हणजे वाळ्याचा पडदा, बांधायचे. बांबूच्या चौकटीत वाळ्याची मुळं दाबून बसवलेली असायची. दर अर्ध्या तासाने तिच्यावर पाणी मारायचं काम आम्हा भावंडांत वाटलेलं असे. ज्याची पाळी असे त्याला तिथेच बसून वाचायची मुभा मिळायची, त्यामुळे पाळीवरून भांडणं व्हायची. बाहेरून लू आपटायची आणि आत ओल्या मातीच्या वासाची गार झुळूक यायची. बडोद्यात मी हौसेने तशीच करून पाहिली. एप्रिलमध्ये थोडी चालली, पण मे अर्धा झाला की इथे खाडीकडून ओला वारा सुरू होतो आणि टट्टी नुसतीच भिजून राहते. ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेसारखं काम ती इथे करत नाही.

ताई, तुमच्याकडे दार पश्चिमेला असेल तर जरूर करा. पूर्ण टट्टी नाही मिळाली तर कूलरच्या जाळीत लाकडाच्या बारीक तंतूंऐवजी खस भरून घ्या. वाळ्याची छोटी जुडी धुऊन, मलमलच्या पुरचुंडीत बांधून माठातही टाकता येते. दोन-तीन दिवसांनी काढून उन्हात वाळवायची, नाहीतर तिला आंबूस वास लागतो.

आणि घरमालकांना विचारून छताला चुन्याचे दोन हात द्या. पांढरं छत ऊन परतवतं. पटियांच्या घरात फरक पहिल्याच रात्री कळतो.

सावली_इंदूर

एक गोष्ट काळजीपोटी लिहिते, कारण लहान मुलगी आहे. कोरड्या हवेत घाम येतो तसा लगेच वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळत नाही. तहान लागायची वाट पाहू नका. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतं आहे असं समजा. अंग तापलेलं, मूल गुंगीत किंवा बरळतं आहे असं झालं तर पना-कांदा करत बसू नका. कपडे सैल करून अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि तसंच दवाखान्यात न्या.

माईंचं फ्रिजबद्दलचं म्हणणं मला पटलं. आमच्याकडे मालव्यात रात्री बऱ्याच गार होतात, तरी माठ घरोघरी आहे.

नवी_लष्करकर

माई, तुमचं उत्तर मी कागदावर उतरवून स्वयंपाकघरात लावलं आहे. आठ दिवस तसंच करते आहे, म्हणून आता लिहिते.

कूलर खोलीतच होता. खिडकीबाहेर लोखंडी स्टँड बसवून घेतला, समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवली आणि चिकटपणा गेला. माठ रंगवलेलाच निघाला! तो खरंच फुलांना दिला. साधा लाल माठ जिन्यात ठेवला आहे. त्याचं पाणी पहिल्यांदा प्यायले तेव्हा मला आजोळच्या पडवीतला रांजण आठवला, कितीतरी वर्षांनी.

गच्चीवर पाणी मारायचं काम मुलीने स्वतःकडे घेतलं आहे, दिवसभर बादलीवर लक्ष ठेवून असते. काल रात्री तीनला उठून तिच्या अंगावर चादर घातली. पापड्या घातल्या, पण दुसऱ्या दिवशी आंधीने गाठलं, अर्ध्या गेल्या. पिवळं आभाळ कसं दिसतं ते आता कळलं.

दोन शंका आहेत. नौतपा म्हणजे नेमकं कधी? आणि गल्लीत हातगाडीवर जांभळट बारीक फळं येतात, गाडीवाला मीठ लावून देतो, ती मुलीला दिली तर चालतील का?

दौलतगंजची_माई

सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की पहिले नऊ दिवस नौतपा, साधारण २५ मेपासून. त्या दिवसांत अकरा ते पाच मुलीला बाहेर पाठवू नकोस. पापड्या मात्र तेव्हाच सगळ्यात छान वाळतात, साडेतीनला आत आण.

ती फळं फालसे. दे की, स्वच्छ धुऊन दे. थोडे जास्त मिळाले तर हाताने कुस्करून गाळ, साखर आणि काळं मीठ घालून सरबत कर. फार थोडे दिवस येतात आणि घेतल्या दिवशीच संपवावे लागतात, सकाळपर्यंत नरम पडतात. गाडी दिसली की वरून हाक मार, थांबवून ठेव.