मदत हवी आहे: टूम रेडर ४ मधला सेनेटचा डाव, पाच वेळा हरलो

लोकहो, तीन रात्री झाल्या मी एकाच जागी अडकलोय. गेम म्हणजे टूम रेडर द लास्ट रेव्हलेशन, मूळ १९९९ चा, पण मी फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेला रीमास्टर, म्हणजे जुन्या गेमची नव्याने सजवलेली आवृत्ती, खेळतोय. लहानपणी मामाकडच्या कॉम्प्युटरवर कर्नाकच्या देवळापर्यंत पोचलो होतो आणि मग सुट्टी संपली, त्यामुळे आता हा गेम पूर्ण करायचाच असं ठरवून बसलोय.

तर कर्नाकच्या लेव्हल्स झाल्यावर सेमेरखेतची कबर लागते. तिथे जमिनीवर भला मोठा सेनेटचा पट मांडलाय, तुमच्या तीन सोंगट्या, समोरच्याच्या तीन, चार काड्या पडतात आणि तेवढी घरं सरकायचं, सरकवायची ती सोंगटी निवडायला लाराला (गेमची नायिका) त्या सोंगटीच्या फरशीवर नेऊन उभं करायचं. नियमांची गुंडाळी आधीच मिळाली होती पण मी ती घाईत वरवर वाचली, कारण मला वाटलं सेनेट आपल्याला माहितीये. हा खरा खेळ आहे ना, इजिप्तचा! तुतनखामुनच्या कबरीत १९२२ ला सापडलेल्या वस्तूंत पुरातत्त्वज्ञ कार्टरला सेनेटचे पट मिळाले, राणी नेफरतारीच्या कबरीत भिंतीवर ती सेनेट खेळत बसलेली रंगवलीये. त्याबद्दल मी बरंच वाचलंय, ३० घरं, १०-१० च्या तीन ओळी, नागमोडी जायचं, २७ वं घर पाण्याचं, तिथे पडलात की मागे. मी तसाच खेळत गेलो, दोन सोंगट्या लागोपाठच्या घरात ठेवल्या की त्या मारता येत नाहीत असं समजून, आणि त्याने आरामात मारल्या.

प्रश्न:
हरलो तर गेम तिथेच अडकतो का? प्रत्येक वेळी हरताना दिसलं की मी घाबरून जुना सेव्ह लोड करतोय, एकदाही शेवटपर्यंत हरून बघितलं नाही.
काड्यांचं गणित काय? एकदा चारही काळ्या पडल्या आणि त्याची सोंगटी सहा घरं गेली, हे कसं?
आणि जिंकायला काही युक्ती आहे की नुसतं नशीब?

व्हिडिओची लिंक देऊ नका प्लीज, पुढची कोडी दिसून जातात.

प्रतिसाद १
हरलात तरी गेम अडकत नाही. हरल्यावर वेगळा रस्ता उघडतो, तो जास्त अवघड आहे एवढंच, पुढे दोन्ही रस्ते एकत्र येतात. त्यामुळे घाबरू नका, सेव्ह मात्र डावाच्या आधीचा एक वेगळा ठेवाच.

प्रतिसाद २
तुम्ही खरं सेनेट डोक्यात ठेवून खेळताय तिथेच घोळ आहे. खऱ्या सेनेटचे नियम लिहिलेले कुठेच सापडले नाहीत, जे वाचतो ते अभ्यासकांनी पट, चित्रं आणि थडग्यांतल्या मजकुरावरून जुळवलेले अंदाज आहेत. गेमवाल्यांनी स्वतःचे नियम केलेत, सोंगट्यासुद्धा तीनच, खऱ्या संचांत पाच किंवा सात असायच्या. गुंडाळी परत नीट वाचा. (सेमेरखेत मात्र खरा राजा हं, पहिल्या राजवंशातला. त्याची खरी कबर अबायडॉसला आहे, तिथे पेट्री या पुरातत्त्वज्ञाने खणलं होतं.)

प्रतिसाद ३
काड्यांचं मी सांगते, तुम्ही कधी चल्लस-आठ खेळलात का? आमच्याकडे आजी चार कवड्या घ्यायची, कवड्या नसल्या तर चिंचोके फोडून. उताण्या पडतील तेवढी घरं, चारही उताण्या म्हणजे चार, आणि चारही पालथ्या पडल्या तर शून्य नाही, थेट आठ! गेममध्ये तेच आहे, पांढऱ्या बाजू मोजायच्या आणि सगळ्या काळ्या पडल्या तर सहा. मी पहिल्यांदा तो पट बघितला तेव्हा नियम न वाचताच कळलं होतं.

आता गणित. चार काड्या म्हणजे १६ प्रकारे पडू शकतात. त्यात दोन पांढऱ्या ६ वेळा, एक पांढरी ४ वेळा, तीन ४ वेळा, आणि चार किंवा सहा प्रत्येकी एकदाच. म्हणजे सगळ्यात जास्त वेळा २ पडणार. त्याच्या सोंगटीच्या बरोब्बर दोन घरं पुढे आपली सोंगटी उभी करायची नाही, आणि आपण मात्र त्याच्या दोन घरं मागे राहायचं, मारली की ती पहिल्यापासून सुरू. आंखचं (वर फास असलेल्या इजिप्शियन क्रूसाचं) चिन्ह असलेल्या घरात थांबता आलं तर थांबा, परत काड्या टाकायला मिळतात. नशीब आहेच पण निम्मं तरी हातात आहे.

धागाकर्ता
@प्रतिसाद ३, अहो चल्लस-आठ! आत्याकडे गणपतीत खेळायचो, फरशीवर खडूने पट काढून, आणि मला इथे अजिबात सुचलं नाही. गुंडाळी नीट वाचली, मग तुमचं दोनाचं गणित धरून खेळलो. त्याच्या दोन सोंगट्या मारल्या, माझ्या दोन बाहेर गेल्या, शेवटची अडकली आणि तो पुढे गेला. हरलो, पण या वेळी लोड केलं नाही, तो अवघड रस्ता उघडला आणि आता मी त्यातच आहे. डावाआधीचा सेव्ह ठेवलाय, हा रस्ता झाला की परत येऊन जिंकायचंय, दोन्ही बघायचेत.

इथे कुणी हा हरल्याचा रस्ता खेळलंय का? मेडिकिट दोनच उरलेत. वाटेत आणखी मिळतात का तेवढं सांगा, बाकी काही सांगू नका.