आकडा शहराचा की महानगराचा? अमेरिकेच्या दक्षिणेकडे जाण्याविषयी घरच्या ग्रुपवर झालेली चर्चा

धाकटा (एडिसन, न्यू जर्सी):
सर्वांना नमस्कार. येत्या उन्हाळ्यात आम्ही दोघे न्यू जर्सी सोडून दक्षिणेकडे जाण्याचा विचार करीत आहोत. मला डॅलसजवळच्या प्लेनो येथे काम मिळण्याची शक्यता आहे, हिला न्यू ऑर्लिन्समधील एका रुग्णालयातून विचारणा झाली आहे, आणि दोघांनाही जमेल असा तिसरा पर्याय अटलांटाचा आहे. काल अण्णाकाकांनी पाठवलेल्या मजकुरात दक्षिणेतील सगळी महानगरे झपाट्याने वाढत असल्याचे म्हटले होते, आणि त्याच्याच खाली ताईने न्यू ऑर्लिन्सची वस्ती घटत असल्याची बातमी टाकली. घर घ्यायचे म्हणजे तीस वर्षांचे कर्ज अंगावर घ्यायचे, त्यामुळे या दोन्हींपैकी कशावर विसंबायचे हे मला नीट समजून घ्यायचे आहे. सवडीने उत्तर दिलेत तरी चालेल, पण सविस्तर द्यावे ही विनंती.

अण्णाकाका (ठाणे):
मला तरी यात संभ्रमाचे कारण दिसत नाही. २०१० ते २०२० या दहा वर्षांत डॅलस-फोर्टवर्थ महानगराची वस्ती सुमारे ६३.७ लाखांवरून ७६.४ लाखांवर गेली, ह्यूस्टनची ५९.२ लाखांवरून ७१.२ लाखांवर, तर ऑस्टिन एक तृतीयांशाने वाढले. त्या जनगणनेनंतर टेक्ससला लोकप्रतिनिधिगृहात दोन जागा जास्त मिळाल्या, फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलायनाला प्रत्येकी एक मिळाली, आणि न्यूयॉर्कने एक गमावली. माणसे जिथे काम आणि परवडणारे घर मिळते तिथेच जातात, त्यामुळे वाढत्या गावात घर घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे.

आत्या (पुणे):
अण्णा, तू दिलेले आकडे बरोबर आहेत, पण त्यांवरून ‘दक्षिण वाढते आहे’ एवढाच निष्कर्ष काढला तर या मुलांच्या हाती उपयोगाचे काही लागणार नाही. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

पहिली गोष्ट अशी की अमेरिकेत शहर वेगळे आणि महानगर वेगळे. महानगराची हद्द संघराज्य सरकार काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) जोडून ठरवते: मध्यभागी किमान पन्नास हजार वस्तीचा नागरी गाभा, आणि भोवतालच्या ज्या काउंट्यांतील कामकऱ्यांपैकी निदान चौथा हिस्सा रोज त्या गाभ्याकडे कामाला जातो त्या काउंट्या. त्यामुळे शहर घटत असतानाही त्याचे महानगर वाढू शकते. अटलांटा शहराची वस्ती १९७० मध्ये पाच लाखांच्या जवळ होती आणि १९९० मध्ये ती ३.९४ लाखांवर आली. त्याच वीस वर्षांत भोवतालचे महानगर मात्र सतत वाढत राहिले. २०२० मध्ये शहर पुन्हा ४.९९ लाखांवर आले खरे, पण तोवर महानगर ६०.९ लाखांचे झाले होते, म्हणजे स्वतःला अटलांटाचे म्हणवणाऱ्या बारा माणसांपैकी जेमतेम एक जण प्रत्यक्ष अटलांटा शहरात राहतो. आपल्याकडे २००१ ते २०११ या काळात मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर उतरली आणि ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला, तेव्हा मुंबई ओस पडली असे कोणी म्हटले नाही. अण्णा, गिरगाव सोडून ठाण्याला गेलेल्या तुला हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट ताईने टाकलेल्या बातमीविषयी. न्यू ऑर्लिन्स महानगराची वस्ती २०२० मध्ये १२.७ लाख होती आणि आता ती दहा लाखांच्या खाली गेली आहे, असे त्यात म्हटले आहे. हे दोन्ही आकडे खरे असले तरी ते एकाच प्रदेशाचे नाहीत. जुलै २०२३ मध्ये हद्दी नव्याने आखल्या गेल्या, तेव्हा पाँचरट्रेन सरोवराच्या उत्तरेकडची सेंट टॅमनी पॅरिश या महानगरातून वगळून तिचे स्वतंत्र महानगर करण्यात आले. (लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात.) तिथली २ लाख ६४ हजार माणसे कुठेही गेली नाहीत, फक्त त्यांची नोंद दुसऱ्या रकान्यात होऊ लागली. नव्या हद्दीने मोजले तर २०२० ची वस्ती १० लाख ७ हजार भरते आणि खरी घट तिथून पुढे मोजायला हवी. ती घट झाली आहे आणि काळजी करण्याजोगीही आहे, पण बातमीवरून वाटते तेवढी मोठी ती नाही.

ताई (मेटेरी, न्यू ऑर्लिन्सजवळ):
आत्या, हद्दीची गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, ती नेमकी दाखवून दिल्याबद्दल आभार. तरीही मी इथे राहते, म्हणून इथली घट कशी आहे ते सांगणे मला आवश्यक वाटते.

बाहेरच्यांची अशी समजूत असते की न्यू ऑर्लिन्स २००५ च्या कॅट्रिना वादळाने रिकामे केले. शहराची वस्ती २००० मध्ये ४.८५ लाख होती आणि २०१० मध्ये ३.४४ लाख झाली, त्यामुळे ही समजूत स्वाभाविक आहे. पण शहराची सर्वाधिक वस्ती १९६० साली होती, ६ लाख २७ हजार. म्हणजे वादळ येण्यापूर्वी पंचेचाळीस वर्षे माणसे बाहेर पडतच होती: आधी शाळांतील वर्णभेद संपवण्याचा आदेश आल्यावर गोरी कुटुंबे जेफरसन पॅरिशमध्ये आणि सरोवरापलीकडे गेली, मग १९८० च्या दशकात तेलाचे भाव कोसळल्यावर तेल कंपन्यांची कार्यालये ह्यूस्टनला हलली आणि त्यांच्यामागून शिकलेला मध्यमवर्ग गेला. कॅट्रिनाने या ओहोटीला एका आठवड्यात दोन दशकांचा वेग दिला. शिवाय हे नुकसान सर्वांचे सारखे झाले नाही. २०१० च्या जनगणनेत शहरातील कृष्णवर्णीय रहिवासी २००० च्या तुलनेत सुमारे १ लाख १८ हजारांनी कमी भरले. ज्यांचे घर भाड्याचे होते किंवा आजोबांच्या नावावरच राहिले होते, त्यांना पुनर्बांधणीची मदत मिळवणे कठीण गेले, आणि त्यांच्यापैकी अनेकजण ह्यूस्टनमध्येच स्थायिक झाले. अण्णाकाका, ह्यूस्टनच्या वाढीचा जो आकडा तुम्ही दिला आहे त्यात आमच्या शहरातून उठलेली ही माणसेही आहेत, आणि वाढ-घट हे शब्द ऐकताना मला प्रत्येक वेळी त्यांची आठवण होते.

सध्याच्या घटीचे एक मोठे कारण मात्र घराचा विमा हे आहे. ऑगस्ट २०२१ मधील आयडा वादळानंतर लुइझियानातील कित्येक विमा कंपन्या बुडाल्या किंवा राज्य सोडून गेल्या, उरलेल्यांनी हप्ते वाढवले, आणि पुराचा विमा तर वेगळाच घ्यावा लागतो. आमच्या गल्लीतील दोन कुटुंबे नोकरी शाबूत असताना केवळ या खर्चापायी निघून गेली. धाकट्या, तू घराची किंमत पाहशील, ती डॅलसहून बरीच कमी दिसेल आणि तुला मोह होईल. पण घरविम्याचा हप्ता, पुराचा विमा आणि कर अशी तिन्हींची बेरीज केल्याशिवाय इथल्या किमतीला अर्थ नाही.

दादा (फ्रिस्को, टेक्सस):
मी वाढत्या बाजूला राहतो, तेव्हा वाढीचीही किंमत असते हे नोंदवतो. फ्रिस्कोची वस्ती २००० मध्ये ३३,७१४ होती, २०१० मध्ये १ लाख १७ हजार झाली आणि २०२० मध्ये २ लाखांच्या वर गेली. टोयोटाने आपले उत्तर अमेरिकेचे मुख्यालय कॅलिफोर्नियातून प्लेनोला आणले, ते २०१७ मध्ये सुरू झाले, आणि त्या सुमारास इथे आलेल्या कंपन्यांमुळे आपल्याकडची कितीतरी कुटुंबे आली. २०१९ चे बृहन्महाराष्ट्र मंडळाचे (उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांच्या संघटनेचे) अधिवेशन डॅलसमध्ये भरले, तो याच वस्तीचा परिणाम होता असे मी मानतो.

मात्र डॅलस महानगरातही सगळे वाढत नाही. खुद्द डॅलस काउंटीतून देशांतर्गत स्थलांतराने दरवर्षी बाहेर जाणारी माणसे येणाऱ्यांपेक्षा जास्त असतात, आणि ती कॉलिन, डेंटन, कॉफमन अशा बाहेरच्या काउंट्यांत जातात. कॉलिन काउंटीची वस्ती वीस वर्षांत ४.९ लाखांवरून १०.६ लाखांवर गेली. आमच्या उत्तरेचे सेलिना २०२२-२३ मध्ये देशातील सर्वांत वेगाने वाढणारे शहर ठरले. पूर्वेकडच्या प्रिन्स्टनमध्ये वस्ती इतक्या वेगाने वाढली की पाणी, रस्ते आणि पोलिस पुरे पडेनात, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या नगरपरिषदेने नव्या गृहप्रकल्पांना काही महिने स्थगिती दिली. टेक्ससमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, हे सगळे आनंदाने सांगतात; पण घराच्या किमतीच्या दीड-दोन टक्के मालमत्ता कर दरवर्षी भरावा लागतो, घराची किंमत वाढली की तोही वाढतो, आणि तो निवृत्तीनंतरही चुकत नाही.

अण्णाकाका (ठाणे):
दोघांचेही म्हणणे पटले. मग एक विचारतो: टेनेसीतील मेम्फिस आणि अलाबामातील बर्मिंगहॅम ही नावे वाढत्यांच्या यादीत दिसत नाहीत. तिथे समुद्रकाठासारखा चक्रीवादळांचा धोका नाही, घरे स्वस्त आहेत, हवा उबदार आहे. मग ती शहरे का वाढू नयेत?

आत्या (पुणे):
अण्णा, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ऊन आणि स्वस्ताई एवढ्यावर महानगर वाढत नाही हे त्यातून दिसते. बर्मिंगहॅम १८७१ मध्ये वसले ते लोखंड, कोळसा आणि चुनखडी एकाच खोऱ्यात सापडली म्हणून. पोलाद मागे पडले आणि १९६० मधील ३ लाख ४१ हजारांची वस्ती २०२० मध्ये २ लाखांवर आली. आता विद्यापीठ आणि त्याचे रुग्णालय हाच तिथला मोठा आधार आहे. हूव्हर, व्हेस्टेव्हिया हिल्स, माउंटन ब्रूक ही उपनगरे स्वतंत्र नगरपालिका राहिली, त्यामुळे कर भरू शकणारी माणसे शहराच्या हद्दीबाहेर गेली आणि जुने रस्ते, जुन्या शाळा शहराकडे उरल्या. त्याच अलाबामा राज्यात अवकाश आणि संरक्षण संशोधनावर वाढलेले हंट्सव्हिल २०२० पर्यंत बर्मिंगहॅमच्या पुढे गेले. मेम्फिस महानगर २०१० ते २०२० या दशकात दोन टक्केही वाढले नाही. तिथे मालवाहतुकीचे विमानतळ प्रचंड आहे, पण तेवढा एकच उद्योग नव्या माणसांना पुरेसा ओढू शकलेला नाही.

घटीचे सर्वांत कठोर उदाहरण मिसिसिपीतील जॅक्सनचे आहे. १९८० मध्ये २ लाखांच्या वर असलेली वस्ती २०२० मध्ये १ लाख ५४ हजार झाली. जमिनीखालच्या नळांचे जाळे मोठ्या वस्तीसाठी टाकलेले होते, बिले भरणारे कमी झाले, दुरुस्ती लांबत गेली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये मुख्य जलशुद्धीकरण केंद्र बंद पडून दीड लाख लोकांच्या घरी नळाला पिण्याजोगे पाणी राहिले नाही. माणसे निघून गेली तरी नळांची लांबी कमी होत नाही, आणि मागे राहिलेल्यांत बहुतेक असे असतात की ज्यांना निघून जाणे परवडत नाही. म्हणून वस्तीच्या घटीकडे केवळ घराच्या भावाचा प्रश्न म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते.

धाकट्या, आता तुझ्यापुरते सांगते. महानगराची वस्ती तीन वाटांनी बदलते: जन्म-मृत्यू, देशातील इतर भागांतून होणारी ये-जा आणि परदेशांतून येणारी माणसे. जुलै २०२३ ते जुलै २०२४ या वर्षात डॅलसमध्ये तिन्ही वाटा जमेच्या बाजूला होत्या; तिथे सुमारे १ लाख ७८ हजार माणसे वाढली. त्याच वर्षात मायामीतून देशातले लोक बाहेर पडत होते आणि परदेशातून येणाऱ्यांमुळे वस्ती वाढली. फ्लोरिडातील सॅरासोटाच्या परिसरात जन्मांपेक्षा मृत्यू जास्त आहेत आणि निवृत्त मंडळी येत राहिल्यामुळे ते महानगर वाढते. परदेशातून येणाऱ्यांवर वाढ अवलंबून असेल, तर वॉशिंग्टनमधील एका धोरणबदलाने ती वर्षभरात मंदावू शकते, हे तुम्हा व्हिसावर राहणाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. तेव्हा ‘किती वाढले’ याच्याआधी ‘कशाने वाढले’ ते पाहा, आणि महानगराच्या आकड्यावर न थांबता ज्या काउंटीत घर घेणार तिचा आकडा काढ.

धाकटा (एडिसन, न्यू जर्सी):
आत्या, ताई, दादा, अण्णाकाका, तुम्ही इतका वेळ काढून लिहिलेत, त्याने आमचा विचार पुष्कळ बदलला. हिने आताच विचारले आहे की न्यू ऑर्लिन्सची वस्ती घटत असेल, तर तिथल्या रुग्णालयाला माणसे अधिक लागतात की कमी.

ताई (मेटेरी, न्यू ऑर्लिन्सजवळ):
अधिक लागतात, कारण निघून जाणाऱ्यांत तरुण जास्त असतात आणि मागे वयस्क रुग्ण उरतात. तिला सांग की माझ्या विभागातही जागा वर्षभर रिकाम्या राहतात, आणि ती आली तर तिच्या कामाची इथे खरोखर गरज आहे. माझा सल्ला एवढाच की पहिली दोन वर्षे भाड्याने राहा. मेटेरी आणि सरोवरापलीकडचे मँडेव्हिल अशा दोन्ही ठिकाणच्या घरांच्या विम्याचे अंदाज मी या आठवड्यात मागवून ठेवते. दादाने फ्रिस्कोतील तेवढ्याच घराचा कर आणि विमा पाठवला, तर रविवारी सगळ्यांना बसून दोन्हींची बेरीज करता येईल.

दादा (फ्रिस्को, टेक्सस):
उद्या संध्याकाळपर्यंत पाठवतो. अटलांटाच्या उत्तरेकडील फोर्साइथ काउंटीत माझे दोन सहकारी राहतात, त्यांच्याकडूनही तिथल्या कराचे आकडे घेतो. ती काउंटी १९९० मध्ये ४४ हजारांची होती आणि २०२० मध्ये अडीच लाखांची झाली, त्यामुळे तिथल्या शाळांत जागा आहेत का, हेही विचारून ठेवतो.