वडिलांचा डब्ल्यूबीसी (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) १,३८,००० आलाय, रिपोर्ट नेमका कसा वाचायचा?

बेदाणा_तासगाव

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलाय, सांभाळून घ्या.

आप्पा (वडील) वय ५७, तासगावजवळ द्राक्षबाग आहे. दोन-तीन महिने सारखं म्हणत होते की दोन घास खाल्ले की पोट भरतं, डावीकडे जड जड वाटतं. वजन पण उतरलं पण आम्हाला वाटलं छाटणीची दगदग. गावातल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, मग परवा मीच मागे लागून सीबीसी करून घेतला तर हे आलं. हिमोग्लोबिन १०.६, डब्ल्यूबीसी १,३८,०००, प्लेटलेट ५,९०,०००. खाली स्मिअरमध्ये (काचेवर रक्त पसरून पेशी बघतात त्यात, सगळे टक्के) न्यूट्रोफिल ४६, बँड ८, मेटामायलोसाइट १०, मायलोसाइट १८, प्रोमायलोसाइट ३, ब्लास्ट २, इओसिनोफिल ३, बेसोफिल ५, लिम्फोसाइट ४, मोनोसाइट १. शेवटी इंग्रजीत लिहिलंय की सीएमएलची (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताचा एक कॅन्सर) शक्यता, बीसीआर-एबीएल नावाची टेस्ट करून घ्या.

लॅबवाल्याने पाकीट देताना माझ्याकडे असं बघितलं की तिथंच पाय गळाले. रात्रभर गुगल केलं आणि आता काहीच कळेनासं झालंय. माझे प्रश्न -

१,३८,००० म्हणजे लास्ट स्टेज का? ब्लास्ट २ म्हणजे काय, तो शब्दच वाचवत नाही. लिम्फोसाइट ४ च, लाल अक्षरात एल (लो, कमी), म्हणजे प्रतिकारशक्ती संपली का? आणि बी१२ दोन हजाराच्या वर आलंय, आप्पा माळकरी आहेत, अंडंसुद्धा खात नाहीत, इंजेक्शन कधी घेतलं नाही, मग लॅबने सँपलच बदललं असेल का? (तशी आशा लागून राहिलीय खरं सांगायचं तर)

आप्पांना अजून काही सांगितलं नाहीये. मी पुण्यात आहे, उद्या पहाटे निघतेय.

कोरा_चहा

ताई आधी श्वास घे. माझ्या काकूंचा डब्ल्यूबीसी ६२,००० आला होता, घरात रडारड, निघाला न्यूमोनिया. महिन्याभरात सगळं नॉर्मल. मोठा आकडा म्हणजे कॅन्सरच असं नसतं.

सूक्ष्मदर्शक

मी एमडी पॅथॉलॉजी, रोजचं काम हेच. पण ताई, मी पेशंट बघितलेला नाही आणि स्लाइडही बघितलेली नाही, तेव्हा हे फक्त कागद कसा वाचायचा एवढ्यापुरतं घ्या.

आकडा किती आहे यापेक्षा तो कुठल्या पेशींनी भरलाय ते बघायचं असतं. पांढऱ्या पेशी बोन मॅरोत (हाडांच्या आतल्या मगजात) तयार होतात, ब्लास्ट, मग प्रोमायलोसाइट, मायलोसाइट, मेटामायलोसाइट, बँड, आणि मग पक्की न्यूट्रोफिल. एरवी रक्तात फक्त पिकलेला माल येतो. तुमच्या भाषेत सांगायचं तर इथे फुलोऱ्यापासून तयार घडापर्यंत सगळंच एकदम बाजारात आलंय. त्यातही मायलोसाइट १८ आणि मेटामायलोसाइट १०, म्हणजे आधीची पायरी पुढच्या पायरीपेक्षा मोठी, वर बेसोफिल ५. ५ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं पण १,३८,००० चे ५ टक्के म्हणजे ६,९००, आणि निरोगी माणसात बेसोफिल शे-दीडशेच्या घरात असतात. स्मिअर बघणाऱ्याने सीएमएलचं नाव घेतलंय ते ह्या चित्रावरून, नुसत्या मोठ्या आकड्यावरून नाही.

कोरा_चहा म्हणतात ते खरंय, मोठ्या इन्फेक्शनमध्ये काउंट ५०,००० च्या वर जातो, त्याला ल्युकेमॉइड रिॲक्शन म्हणतात. पण त्यात माणूस तापाने फणफणलेला असतो, न्यूट्रोफिलमध्ये टॉक्सिक ग्रॅन्युल (गडद दाणे) दिसतात, बेसोफिल असे वाढत नाहीत. इथे वर डावीकडचं जडपण आहे, ती प्लीहा वाढलेली असू शकते, जठराला दाबते म्हणून दोन घासात पोट भरतं. त्यामुळे खोटी आशा देत नाही.

आता ब्लास्ट. शब्दाला घाबरू नका, ब्लास्ट म्हणजे सगळ्यात कोवळी पेशी. सीएमएलमध्ये ते १० टक्क्यांच्या खाली असले तर साधारण क्रॉनिक फेज, १० ते १९ ॲक्सिलरेटेड, २० आणि वर ब्लास्ट फेज. २ हा आकडा त्यातल्या त्यात बरा. आणि १,३८,००० म्हणजे लास्ट स्टेज हे डोक्यातून काढाच, सीएमएलला स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरसारख्या स्टेज नसतात, फेज असतात, आणि त्या एकट्या डब्ल्यूबीसीवर ठरत नाहीत.

लिम्फोसाइट - मशीन फक्त टक्का बघून एल छापतं. १,३८,००० चे ४ टक्के करा, ५,५२० येतात. नॉर्मल साधारण १,००० ते ४,०००. म्हणजे कमी तर नाहीतच, उलट थोडे जास्तच! टक्केवारीने रोज कितीतरी लोक घाबरतात, ॲब्सोल्यूट काउंट (टक्का नाही, प्रत्यक्ष संख्या) बघायची सवय लावा.

बी१२ चं सँपल बदललेलं नाही बहुतेक. रक्तात बी१२ वाहून नेणारं एक प्रोटीन ह्याच पांढऱ्या पेशी बनवतात, पेशी बेसुमार झाल्या की तेही वाढतं आणि बी१२ फुगलेलं दिसतं. माळकऱ्याचं बी१२ दोन हजार, हा पुरावा सीएमएलच्या बाजूनेच जातो, सॉरी.

आयुर्मित्र

ताई पपईच्या पानांचा रस सकाळ संध्याकाळ दोन चमचे सुरू करा, प्लेटलेट झपाट्याने वाढतात. सोबत गव्हांकुर. केमोच्या नादी लागू नका, माणूस रोगाने जात नाही केमोने जातो.

रोजची_गोळी

@आयुर्मित्र अहो दादा, रिपोर्ट तरी वाचा. प्लेटलेट आधीच ५,९०,००० आहेत, नॉर्मल साडेचार लाखापर्यंत. अजून किती वाढवताय?

ताई, मी स्वतः सीएमएलचा पेशंट, ३६ व्या वर्षी कळलं, नवव्या वर्षात आहे, नोकरी चालू, परवा हरिश्चंद्रगड करून आलो (नळीच्या वाटेने नाही हो, पाचनईकडून). तेव्हा तुम्ही आज जिथे बसलाय तिथे माझी बायको बसली होती.

काय काय होतं ते क्रमाने सांगतो. पहिलं म्हणजे हिमॅटॉलॉजिस्ट (रक्ताच्या आजारांचा डॉक्टर) गाठा, जनरल फिजिशियन नको आणि नुसता कॅन्सर सर्जन तर नकोच. मिरज, कोल्हापूर, पुणे, सगळीकडे मिळतील, लगेच मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलला पळायलाच पाहिजे असं नाही. टाटाचं मत हवं असेल तर नंतर स्लाइड, ब्लॉक, रिपोर्ट घेऊन जाता येतं. ते बीसीआर-एबीएल लिहून देतील, ती टेस्ट साध्या रक्तावर होते, जांभळ्या टोपणाच्या नळीत. बोन मॅरो पण बहुतेक करतील, कमरेच्या हाडातून मागच्या बाजूने, जागा बधिर करून. सुई टोचताना नाही पण ओढतात तेव्हा दोन-चार सेकंद जीव खालीवर होतो, ते आप्पांना आधी सांगून ठेवा, मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी डॉक्टरांना जे काय बोललो ते इथे लिहिता येत नाही. त्यातलाच काही माल कॅरिओटाइपिंगला जातो, तो रिपोर्ट यायला आठवडा-दोन आठवडे लागतात कारण जिवंत पेशी वाढवून गुणसूत्रं बघतात, रोज फोन करून उपयोग नाही.

एक अनुभव, माझं पोटॅशियम ६ च्या पुढे आलं म्हणून रात्रभर आयसीयूत ठेवलं. सकाळी दुसऱ्या नळीत रक्त घेतलं तर ४.३. बिल मात्र खरं आलं.

सूक्ष्मदर्शक

@रोजची_गोळी हे फार होतं. प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी खूप असल्या की रक्त नळीत गोठताना त्यातलं पोटॅशियम बाहेर सांडतं, माणसाच्या अंगात नॉर्मलच असतं. ईसीजी नॉर्मल असेल तर हेपरिनच्या नळीत (त्यात रक्त गोठत नाही) लगेच परत तपासायचं. साखरेचं उलटं, नळी बराच वेळ पडून राहिली तर पेशी ग्लुकोज खातात आणि साखर खोटी कमी दिसते. त्यामुळे ह्या काळात कुठलाही विचित्र आकडा आला तर आधी विचारा, खरा आहे का नळीतला आहे.

बीसीआर-एबीएलबद्दल थोडं, कारण इथेच पैसे वाया जातात. नऊ आणि बावीस नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, त्यातून तोकडं झालेलं बावीस नंबरचं गुणसूत्र म्हणजे फिलाडेल्फिया क्रोमोझोम, १९६० साली तिथे पहिल्यांदा दिसलं म्हणून ते नाव. ह्या अदलाबदलीतून जे जोडजनुक तयार होतं ते बीसीआर-एबीएल. ते सापडलं तर निदान पक्कं, नाही सापडलं तर सीएमएल नाही, मग जॅक२ वगैरे दुसऱ्या जनुकांच्या दिशेने शोध. पहिल्यांदा करताना त्याचा प्रकार लिहून यायला हवा (पी२१०, पी१९० असं). कारण पुढे दर तीन महिन्यांनी जी मोजणीची टेस्ट होते ती बहुतेक ठिकाणी फक्त पी२१० मोजते, प्रकार वेगळा असला तर शून्य येईल आणि घरात पेढे वाटाल.

आणि कुणी "कॅन्सर मार्कर पॅकेज" विकायला आलं, सीईए, सीए १९.९, पीएसए, तर हात जोडा. रक्ताच्या कॅन्सरच्या निदानात त्याचा काही उपयोग नाही.

वाट बघताना ताप, कुठूनही रक्त, धाप, डोळ्यांना धूसर दिसणं, डोकं गरगरणं किंवा असंबद्ध बोलणं, यातलं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता इमर्जन्सीत जा.

बेदाणा_तासगाव

सगळ्यांचे मनापासून आभार, उत्तर द्यायला उशीर झाला.

मिरजेत दाखवलं. सोनोग्राफीत प्लीहा १९ सेंटीमीटर. युरिक ॲसिड ८.४ होतं, त्याची गोळी आणि काउंट खाली आणायला हायड्रॉक्सियुरिया दिलं. बोन मॅरो झालं, आप्पा हूं की चूं नाही, उलट डॉक्टरांना विचारत होते सुई कितीला पडते. काल बीसीआर-एबीएल आलं, पॉझिटिव्ह, पी२१०. क्रॉनिक फेज म्हणाले. इमॅटिनिब (सीएमएलची गोळी) ४०० रोज एक.

सांगावं लागलंच. मी सगळं पाठ करून गेले होते, तर ते म्हणाले पाकिटावर ऑन्कोलॉजी (म्हणजे कॅन्सर विभाग) लिहिलंय गं, मला काय वाचता येत नाही का. मग विचारलं बागेत आयुष्यभर फवारणी केली त्याने झालं का. मला उत्तर देता आलं नाही.

सूक्ष्मदर्शक

एकट्या माणसाबद्दल असं बोट दाखवता येत नाही. सीएमएलचं पक्कं माहीत असलेलं कारण म्हणजे मोठं रेडिएशन, बाकी बहुतेकांत कारण सापडतच नाही. फवारताना मास्क-हातमोजे हवेतच, पण आप्पांनी स्वतःला दोष द्यायला नको.

रोजची_गोळी

वेलकम टू द क्लब म्हणणार नाही :) गोळी जेवणाबरोबर आणि मोठा तांब्याभर पाण्यासोबत, नाहीतर मळमळतं. सकाळी डोळ्याखाली सूज, रात्री पोटऱ्यात गोळे येतील, डॉक्टरांना सांगा पण गोळी मनाने बंद करू नका. पैशांचं म्हणाल तर ब्रँडेड औषध एकेकाळी महिन्याला लाखाच्या वर होतं, २०१३ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने पेटंट नाकारलं आणि जेनेरिकचा रस्ता मोकळा राहिला, म्हणून आज माझ्यासारख्याला परवडतंय. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड घेऊन जा.

आणि बीसीआर-एबीएलची मोजणी कायम एकाच लॅबमध्ये, इंटरनॅशनल स्केलवर (सगळ्या लॅबचे आकडे जुळावेत म्हणून ठरवलेलं माप) करा. तीन महिन्यांनी १० टक्क्यांच्या आत, वर्षाने ०.१ च्या आत आलं की गाडी रुळावर.

बेदाणा_तासगाव

लिहून ठेवलं सगळं. एक शेवटचा प्रश्न, हसू नका. कागदावर लिहिलंय ग्रेपफ्रूट खाऊ नका. घरात त्यावरून सुतक आहे, आप्पा म्हणतात स्वतःच्या बागेतली द्राक्षं खायची नाहीत तर औषध कशाला घेऊ.

रोजची_गोळी

अहो ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नाही!! पपनसाच्या जातीतलं फळ असतं ते, औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढवतं म्हणून ते आणि पपनस टाळायचं. द्राक्षं खुशाल खाऊ देत, धुऊन. आणि माल निघाला की एक पेटी इकडे.