मदत हवी आहे (अर्जंट) : मंडळीतल्या काकांसाठी अर्ज कुठे द्यायचा?

पऱ्हाटीवाली (गुरुवार, रात्री 9.10)
सलाम सर्वांना. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक काका दवाखान्यात आहेत. मांडीला तेवीस टाके. काकू एकटी, मुलगा पुण्याला, त्याला सुटी नाही. आतापर्यंत अठरा हजार लागले. पाळक साहेब म्हणतात गरीब फंडातून द्यायचं तर पंच कमिटी बसली पाहिजे, आणि कमिटी बसणार रविवारी भक्तीनंतर. सरकारकडून पैसे मिळतात म्हणे. अर्ज कुठे द्यायचा तेवढं सांगा, बाकी लांबण नको.

धुऱ्यावरून (9.18)
ताई, झालं काय तेच नाही लिहिलं. गाडीवरून पडले का?

पऱ्हाटीवाली (9.21)
डुकरानं मारलं. लिहिलं ना वर.

धुऱ्यावरून (9.22)
नाही लिहिलं जी. वर पाहा.

कास्तकार बुवा (9.26)
गावडुक्कर का रानडुक्कर? गावडुकराचे पैसे भेटत नाहीत.

पऱ्हाटीवाली (9.29)
गावडुक्कर पहाटे हरभऱ्यात कशाला जाईल? काका जागलीला होते. रानडुक्करच.

सातबारा (9.33)
तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना. सातबारा, आधार, बँक पासबुक न्या. माझ्या साळ्याचं काम तिथूनच झालं.

धुऱ्यावरून (9.37)
सातबारा भाऊ, ती योजना माणूस गेला किंवा हातपाय, डोळा कायमचा गेला तर. टाक्यांचे पैसे तिथं नाहीत. हे काम वन विभागाचं. ताई, वावर कोणाचं, तालुका कोणता, अन् घडलं किती वाजता?

पऱ्हाटीवाली (9.44)
केळापूर तालुका. वावर मक्त्याचं आहे, म्हणून तर सातबारा काकांच्या नावावर नाही. सातबाऱ्याशिवाय होत नाही असंच सगळे सांगतात. काल पहाटे साडेपाचला झालं.

धुऱ्यावरून (9.48)
सातबारा पीक नुकसानीला लागतो. जखमी माणसाला नाही. पण 48 तासांत वनवाल्यांना नाहीतर पोलिसांना कळवावं लागते. तुमचे 48 तास उद्या पहाटे साडेपाचला भरतात. धागा बंद करा अन् आत्ताच 1926 ला फोन लावा, हॅलो फॉरेस्टचा नंबर आहे. सकाळी पांढरकवड्याला वनवाल्यांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

सातबारा (9.52)
आमच्याकडे सातबारा मागितला होता.

धुऱ्यावरून (9.53)
तुमचा तुरीचा मामला असन.

झटका मशीन (9.58)
सोलर झटका मशीन लावा, डुक्कर वावराकडे फिरकत नाही. बॅटरीसहित बसवून देतो.

प्रकाशवाट (10.05)
मंडळीने प्रत्येक कुटुंबाचा दशांश नीट घेतला असता तर आज काकूला कमिटीची वाट पाहावी लागली नसती. आमच्याकडे उपकारस्तुतीच्या वेळी पोतं पोतं कापूस यायचा. आता लोक थाळीत दहाची नोट टाकतात, तीही दुमडून.

पऱ्हाटीवाली (10.09)
ती थाळी दर रविवारी काकाच फिरवतात. म्हणूनच ते फंडातून घ्यायला तयार नाहीत. काकू म्हणते, रविवारी लोकांसमोर उभे कसे राहतील. 1926 ला फोन लागला, गावाचं नाव लिहून घेतलं.

दवाखानावाली ताई (10.14)
मी बावीस वर्षं एएनएम होते. पैशाचं नंतर. सुळा लागला की चावलं? आणि रेबीजची लस दिली का?

पऱ्हाटीवाली (10.17)
सुळा मांडीत घुसला, चावलंपण. टीटी दिलं डॉक्टरांनी. रेबीज कुत्र्याचं असते ना?

दवाखानावाली ताई (10.21)
जंगली जनावर चावलं की ती तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या वर्गाची जखम. लस पाहिजेच, आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही. असा चावा शक्यतो लगेच शिवत नाहीत, शिवायचाच तर आधी ते जखमेत भरून मग. उद्या सकाळी पहिल्यांदा सरकारी दवाखान्यात न्या, लस फुकट आहे. पहिला डोस आजच्या आज मिळाला तर आजच. रात्रीची ड्यूटी असते, 108 बोलवा.

कास्तकार बुवा (10.25)
माणूस मेला तर 25 लाख भेटतात, जखमीले थोडेच.

पऱ्हाटीवाली (10.26)
काका जिवंत आहेत बुवा.

धुऱ्यावरून (10.31)
ताई, त्या पहाटेचे कपडे कुठं आहेत? फाटलेला पायजमा पंचनाम्याला दाखवता येते. वावरात खुरं उमटली असतील तर कोणाला जाऊ देऊ नका. खाजगी दवाखान्याची सगळी बिलं जपा.

पऱ्हाटीवाली (10.40)
पायजमा काकूनं कालच धुतला. रक्त सहन होईना तिला, दोनदा साबण लावला. दोरीवर आहे, मांडीपाशी वीतभर फाटलेला. निघतो आम्ही, गाडी आली.

पऱ्हाटीवाली (शुक्रवार, दुपारी 3.25)
लस आणि ते दुसरं इंजेक्शन रात्रीच झालं. सरकारी डॉक्टर खाजगीवाल्यावर चिडले, दोन टाके उघडले. पुढचा डोस रविवारी. अर्जाची पोच घेतली. वनरक्षक वावरात आले होते, खुरं मोजली. पायजम्याचा फोटोही घेतला, ओला होता तरी. काका विचारतात, रविवारी थाळी कोण फिरवणार?

झटका मशीन (3.40)
वावर किती एकर आहे ताई?