प्रतिसाद: कोपर्निकसवरील बंदीचा कालक्रम
पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणारा खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसचा ग्रंथ प्रसिद्ध होताच कॅथलिक चर्चने त्यावर बंदी घातली, असे म्हटले जाते; पण हे विधान कालक्रमाला धरून नाही. १५४३ मध्ये न्यूरेंबर्ग या लूथरपंथी (रोमच्या चर्चपासून फुटलेल्या प्रोटेस्टंट पंथाच्या) शहरात छापलेला हा ग्रंथ पोप तिसरा पॉल यांनाच अर्पण केलेला होता. सूर्यकेंद्री मांडणी ही केवळ गणिताची सोय आहे, असे सुचवणारी निनावी प्रस्तावना त्याला जोडली तीही ओसिआंडर या लूथरपंथी धर्मोपदेशकाने, रोमने (पोपच्या कॅथलिक चर्चने) नव्हे. रोमची कारवाई १६१६ ची, म्हणजे तब्बल ७३ वर्षांनंतरची, आणि तीसुद्धा 'दुरुस्ती होईपर्यंत स्थगिती' अशा स्वरूपाची. माझ्या मते मधल्या काळात खगोलशास्त्रापेक्षा धर्मकारण अधिक बदलले होते: ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (कॅथलिक चर्चच्या धर्मगुरूंच्या सभेने) १५४६ मध्येच बायबलचा अर्थ लावण्याचा अधिकार चर्चकडे राखला होता, आणि कोपर्निकसच्या बाजूने बायबलचा अर्थ स्वतः लावून गॅलिलिओने नेमके त्याच प्रांतात पाऊल टाकले.