प्रतिसाद: २०० ची पहिली ब्रेव्हे, ग्रुप धरायचा की सोडायचा?

वर विचारलंय की पहिल्याच ब्रेव्हेत (म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राईड) ग्रुपचा वेग ताशी २५ चा आणि आपला २० चा, तर काय करावं. सोडा बिनधास्त. २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे चहापाणी, पंक्चर धरून ताशी १५ ची सरासरी पुरे. ही शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर काढतच नाहीत. पहिल्या ४० किमीत दुसऱ्याच्या वेगाने दम घालवला, की तो शेवटच्या ४० त वसूल होतो.

ग्रुपचा खरा फायदा वाऱ्यात. नागपूरहून जबलपूर रोडने निघालात तर थंडीत वारा बहुधा समोरून नाहीतर उजवीकडून येतो. तिथे कोणाच्या तरी मागच्या चाकाला राहा, पाळीपाळीने पुढे या. खड्डा दिसला की हाताने खूण करायची, ओरडायचंही. अचानक ब्रेक मारणाऱ्यापासून मात्र लांबच बरं.

मनसरच्या पुढे पेंचच्या जंगलात रस्ता मोठ्या पट्ट्यांत उचललेला आहे, खालून जनावरं जातात. तिथे थांबून फोटो काढत बसू नका, ट्रक भन्नाट वेगात असतात. पाणी मनसरलाच भरून घ्या.

अंधारात समोरचा-मागचा दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट हवंच, नियमच आहे. आणि निघण्याआधी तर्री पोहे? माझं मत, तर्री परतल्यावर. सकाळी नुसते पोहे, केळी सोबत. कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, ब्रेव्हेच्या कार्डावर शिक्का घ्यायला विसरू नका.