जुन्या लॅपटॉपवर क्रोमओएस फ्लेक्स टाकू का?

जुनाडबा: मंडळी, २०१२ चा लॅपटॉप, ४ जीबी रॅम, विंडोज सुरू होईस्तोवर चहा पिऊन होतो. बाबांना फक्त जीमेल, यूट्यूब आणि पेपर वाचायचाय. फ्लेक्स, म्हणजे विंडोजऐवजी टाकायची गूगलची फुकट सिस्टीम, चालेल का?

कट्टेकरी: बिनधास्त. ४ जीबी म्हणजे किमान आहे पण तेवढ्याला पुरतं, दहा टॅब उघडू नका म्हणजे झालं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घे, क्रोम ब्राउझरमधल्या 'क्रोमबुक रिकव्हरी युटिलिटी' या एक्स्टेंशनने त्यावर फ्लेक्स भर आणि आधी त्यावरूनच चालवून बघ, वायफाय, आवाज, टचपॅड सगळं नीट असेल तरच इन्स्टॉल कर कारण एकदा केलं की हार्डडिस्क साफ, विंडोज शेजारी ठेवता येत नाही, फोटोबिटो काढून ठेव आधी.

टिकोजी: प्ले स्टोअर नाहीये हां यात, ते क्रोमबुकवर, म्हणजे क्रोमओएस आधीच घालून विकतात त्या लॅपटॉपवर. व्हॉट्सॅप वेबच वापरावं लागेल. मी शहाणपणा करून दुकानातल्या पीसीवर टाकलं, हिशोबाचं टॅली चालेना, दुसऱ्या दिवशी गुपचूप परत विंडोज 😅

जुनाडबा: पेनड्राइव्हवरून चाललं! वायफाय लगेच लागलं, आवाज मात्र येत नाहीये.

कट्टेकरी: यूएसबीवाला हेडफोन लावून बघ.

जुनाडबा: आला आला!! बाबा कीर्तन ऐकत बसलेत, आता लॅपटॉप परत मिळत नाही.